शकुनमावशींचा नंबर: एक तुलनात्मक अभ्यास

गेल्या गणेशोत्सवात शकुनमावशींचा फोन नंबर सापडायला अकरा मिनिटं लागली आणि तेवढ्यात पहिली आरती उरकली. कोलकात्याच्या त्या मराठी मंडळात पहिल्या आरतीचा सूर मावशींनीच लावायचा, ही पस्तीस वर्षांची रीत. आदल्या दिवशी फोन करायचा, सकाळी बेहालाहून गाडीनं आणायचं. पण आदल्या दिवशी सगळेच विसरले, आणि ऐनवेळी चिटणीस श्यामकांत नंबरांची वही उघडायला गेले, तर दमट हवेनं तिची पानं पापडासारखी चिकटलेली.

"पुढच्या वर्षी असं होणार नाही, मावशी," असा शब्द त्यांनी दिला. बँकेत तीस वर्षं काढलेला माणूस शब्द पाळायचा म्हटलं की उपसमिती नेमतो. ती नेमली गेली.

एकशे सत्त्याऐंशी कुटुंबांची यादी डेटाबेसमध्ये चढली. तो ठेवायचा कुठे, एवढंच ठरायचं होतं. हावड्यात लेथचा कारखाना असलेला सलील सुटे भाग जोडून केलेला आपला जुना संगणक मांडीवर घेऊन लाँचनं नदी ओलांडून आला. त्यावर लिनक्स. कॉलेजात शिकवणाऱ्या यामिनीबाईंचा लॅपटॉप नवाकोरा, त्यावर विंडोज. चाचणीचा प्रश्न एकमतानं ठरला: शकुनमावशींचा नंबर काय?

लॅपटॉप जिंकला.

"धुत्! हा विंडोजचा विजय नाही, नव्या यंत्राचा आहे," सलील म्हणाला.

मुद्दा रास्त होता. म्हणून लॅपटॉपवर लिनक्स आणि सलीलच्या खोक्यावर विंडोज घालून पुन्हा चाचणी झाली. दुसऱ्या फेरीत दोन्ही यंत्रं भराभर उत्तर देऊ लागली, तेव्हा यामिनीबाईंनी हरकत घेतली. "यंत्रानं उत्तर लक्षात ठेवलंय. घोकंपट्टीला मी वर्गातसुद्धा गुण देत नाही."

तेव्हापासून प्रत्येक प्रश्नाआधी यंत्र बंद करून चालू करायचं ठरलं. मग पंख्याखालच्या यंत्राला गारव्याचा गैरफायदा मिळतो, अशी लेखी तक्रार आली. टेबलांची अदलाबदल झाली. आषाढ गेला, श्रावण गेला. श्यामकांतांनी चौसष्ट पानी अहवाल स्वतः टंकला, प्रत्येक तक्ता दोनदा तपासला. मावशींचा नंबर चार हजार दोनशे बारा वेळा बिनचूक सापडला होता. जलद आणि मंद यंत्रांत फरक निघाला दोन सहस्रांश सेकंदांचा.

चतुर्थीला सकाळी आरतीनंतर टाळ्यांच्या गजरात अहवाल गणपतीपुढे ठेवला गेला. तेवढ्यात श्यामकांतांचा फोन वाजला. नंबर पाहताच त्यांनी ओळखला. तो आता त्यांना तोंडपाठ होता.

"श्यामकांत, मी साडी नेसून सातपासून बसलेय रे. आरती झाली का?"

"आत्ताच झाली, मावशी."

"यंदाही नंबर सापडला नाही वाटतं?"

"छे छे! एकोणतीस सहस्रांश सेकंदांत सापडला!" श्यामकांतांच्या तोंडून अभिमानानं निघून गेलं.

"अगंबाई! मग फोन कोणी करायचा होता?"

श्यामकांतांनी अहवाल उचलून चौसष्टही पानं चाळली.

"मावशी," ते हळूच म्हणाले, "ते उपसमितीच्या कार्यकक्षेत नव्हतं."

हसताय? हसा. पण तुमच्याही मोबाइलमध्ये एखादी मावशी असेलच. नाव टाकून पाहा, क्षणात सापडेल. सापडली की मोबाइल नेहमीसारखा खिशात ठेवा.