बिनखुंट्यांचा तंबू आणि गोदाक्का

एका जंगलात एक डोंगर होता, मुलांनो. तो फार जुना होता, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नसे. मग एका वर्षी शेजारच्या जंगलाने स्वतःचा डोंगर सर केला. त्याबरोबर आपल्या जंगलालाही आपला डोंगर दिसू लागला.

लगेच गिर्यारोहण मंडळ निघालं. अध्यक्ष झाले झिपरेराव अस्वल. चिटणीस झाला ससा, कारण त्याचं अक्षर चांगलं होतं. वडाच्या बुंध्यावर एक फळा लागला. त्यावर सशाने डावीकडे लिहिलं 'गिर्यारोहक' आणि उजवीकडे 'सामान'.

उजवीकडच्या यादीत, पातेलं आणि दोर यांच्या मधोमध, एक नाव होतं. गोदाक्का. ही गोदाक्का म्हणजे गाढवीण. मंडळाच्या तीन मोहिमा अर्ध्या वाटेवरून परत आल्या होत्या आणि तिन्ही वेळा सगळं ओझं तिच्याच पाठीवर होतं. पातेल्याखाली आपलं नाव वाचून तिला लाज वाटायची. ते डावीकडे जावं, एवढीच तिची इच्छा होती.

“अध्यक्ष, मी बी तुमच्यासंगं चढतेच की,” ती म्हणाली. “माझं नाव त्या अंगाला कवा लिवणार?”

“मोहीम फत्ते झाली की लगेच,” झिपरेराव म्हणाले. “अस्वलाचा शब्द आहे.”

आता मोहीम फत्ते का होत नव्हती? झिपरेरावांच्या मते, तंबू जड होता म्हणून. झिपरेरावांचं स्वतःचं वजन किती, हे विचारायची त्या जंगलात पद्धत नव्हती.

अशात एके दिवशी तुतीच्या झाडावरून एक रेशीमकिडा खाली उतरला. त्याच्याजवळ एक चिमुकली गुंडाळी होती.

“बारमाही तंबू!” तो म्हणाला. “वजनाला एका जांभईइतका. मी स्वतः असल्याच तंबूत लहानाचा मोठा झालोय.”

“सगळ्या ऋतूंत चालेल?” सशाने विचारलं.

“सगळ्या. फक्त वारा, पाऊस, ऊन आणि थंडी यांपासून जपायचा.”

झिपरेरावांनी गुंडाळी एका नखावर तोलली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तंबू घेतला.

मग हलकेपणाचं वेडच लागलं. झिपरेरावांनी आपली दातवणाची काडी मोडून निम्मी केली. “तेवढंच ओझं कमी,” ते म्हणाले, आणि निघण्यापूर्वी त्यांनी अकरा पुरणपोळ्या खाल्ल्या. सशाने तंबूच्या दोऱ्या कापून आखूड केल्या. शेवटी त्याने खुंट्या तागडीत टाकल्या आणि किंचाळला.

“अहो, बारा खुंट्या तंबूपेक्षा जड आहेत!”

“हा तंबूचा अपमान आहे,” झिपरेराव म्हणाले. खुंट्या घरी ठेवायचं ठरलं.

तंबू हलका झाल्यामुळे गोदाक्काच्या पाठीवर जागा उरली. त्या जागेत झिपरेरावांची आरामखुर्ची, लोणच्याची बरणी आणि परतल्यावर सत्काराला लागणारे नारळ बसले. गाढवाला गुळाची चव काय, असं लोक म्हणतात. गुळाची ढेप कोणी वाहून आणली, ते मात्र म्हणत नाहीत. गोदाक्काने आपलं घोंगडं घेतलं आणि त्यात त्या बारा खुंट्या गुपचूप गुंडाळल्या.

निम्म्या चढावर, दुपारच्या चहाला, तंबू लागला. वारा सुटला होता.

“अध्यक्ष, म्या खुंट्या आणल्यात,” गोदाक्का म्हणाली. “ठोकू का?”

झिपरेराव लाल झाले. “खबरदार! आमचा हलकेपणाचा विक्रम बुडवतेस? खुंटी कशाला हवी? मी बसतो ना आत!”

आणि खरंच, मुलांनो, ते आत बसले तेव्हा तंबू जागचा हलला नाही. जंगलातली सगळ्यात जड खुंटी तंबूला लागली होती. पण ती खुंटी फार खादाड होती. बाहेर सशाने लोणच्याची बरणी उघडली. झिपरेरावांना वास आला. ते बाहेर आले.

तंबू गेला.

आधी तो कमरेइतका उडाला, मग झाडाइतका, मग दिसेनासा झाला. पाठोपाठ टपोऱ्या गारा आल्या. झिपरेराव आणि ससा गोदाक्काच्या घोंगड्याखाली शिरले. घोंगडं दोघांनाच पुरलं. गोदाक्का बाहेर उभी राहून गारा झेलत राहिली आणि मनात म्हणाली, गेली ही बी मोहीम, गेलं माझं नाव.

गारा थांबल्यावर तिघं मान खाली घालून उतरू लागले. पायथ्याशी येतात तो काय, ढोल वाजतायत! टेहळणीला बसलेली टिटवी ओरडत होती, “पोचले! पोचले! शिखरावर तंबू लागला!”

वाऱ्याने तंबू नेऊन थेट शिखरावरच्या निवडुंगात अडकवला होता.

झिपरेरावांनी सशाकडे पाहिलं. सशाने झिपरेरावांकडे पाहिलं. दोघांनी हार घालून घेतले. गोदाक्काला खरं सांगता आलं असतं. पण मोहीम फत्ते झाली होती आणि अस्वलाने शब्द दिला होता. म्हणून तीही गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी ती आंघोळ करून फळ्यापाशी गेली. डावीकडे तीन नावं होती. झिपरेराव. ससा. आणि तंबू.

उजवीकडे, पातेल्याखाली, गोदाक्का. पुढे कंसात: 'बारा खुंट्या, विनापरवाना.'

“आवो, तंबूचं नाव लिवलं, माझं न्हाई?”

“तंबू शिखरावर पोचला,” झिपरेराव म्हणाले. “तू पोचलीस का?”

“तुमी तरी कुठं पोचलासा?”

“हळू बोल,” झिपरेराव म्हणाले. “आणि जाताना नारळाची पोती उचल.”

गोदाक्काला फार वाईट वाटलं. गारा लागल्या तेव्हाही एवढं लागलं नव्हतं. तिने पोती उचलली नाहीत. खुंट्या घेतल्या आणि एकटीच निघाली. पाठीवर खुर्ची नाही, बरणी नाही, त्यामुळे चढ तिला भलताच सोपा वाटला. दुपारपर्यंत ती शिखरावर होती.

तिने निवडुंगातून तंबू सोडवला, नीट उभारला, खुराने बाराच्या बारा खुंट्या ठोकल्या आणि आत ऐसपैस बसली. खाली सगळं जंगल दिसत होतं. तो फळा काही तिथून दिसत नव्हता. तिला फार बरं वाटलं, इतकं की तिने मोठ्याने एक तान घेतली.

खाली टिटवी ओरडली, “वर कोणीतरी आहे! चार पाय, लांब कान!”

सगळं जंगल गोळा झालं. झिपरेरावांनी डोळ्यांवर पंजा धरून बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी सशाला खूण केली. ससा खडू घेऊन फळ्यापाशी गेला आणि त्याने उजवीकडच्या यादीखाली सुंदर अक्षरात लिहिलं:

'सामानही शिखरावर सुखरूप पोचले.'

तात्पर्य : मुलांनो, डोंगरावर जाताना खुंट्या कधी नेऊ नयेत. नेल्याच तर आपण स्वतः वर जाऊ नये. आणि गेलोच, तर निघण्याआधी खडू कोणाच्या हातात आहे ते बघून ठेवावं.