गाठीचा जबाब

माझ्या मानेत उजव्या बाजूला आलेली गाठ बोलते, पण कामाचं एक अक्षर बोलत नाही. दिवाळीच्या आसपास ती हाताला लागली तेव्हा सुपारीएवढी होती. आता लिंबाएवढी झाली आहे आणि आवाजही भरला आहे. सकाळी उठल्याबरोबर विचारते, "झोप लागली का गं?" मी म्हणते, "तुझ्यामुळे नाही लागली." त्यावर म्हणते, "चहा घे आधी."

मी मिरजेत मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते. शिकणारा घाबरून स्टिअरिंग सोडून देतो तेव्हा डावीकडच्या सीटवरून उजवा हात पुढे टाकून मीच गाडी सरळ करते. माझा आवाज मोठा आहे आणि मला लपवाछपवी चालत नाही. ब्रेक लागत नसेल तर लागत नाही म्हणायचं, विषय संपला. तू साधी सूज आहेस की कॅन्सर, ते एकदा सांगून टाक, एवढीच माझी गाठीकडे मागणी होती.

डॉक्टर मगदूम सर्जन आहेत. त्यांनी जबाब घ्यायला आधी बारीक सुई पाठवली. गाठ सुईशी पुष्कळ बोलली. रिपोर्ट आला : हवापाण्याच्या गप्पा झाल्या, निष्कर्ष नाही. सोनोग्राफीच्या वेळी तिने मशीनवर बसलेल्या मुलीला गाव विचारलं. मुलगी कवठेमहांकाळची निघाली, मग कोण कोणाचं कोण यात दोघी रमल्या आणि मूळ विषय राहूनच गेला. शेवटी जाड सुई गेली. तिला गाठ म्हणाली, "बसा हो, घाई काय आहे?" निष्कर्ष नाही.

मग डॉक्टर स्वतः माझ्या मानेशी वाकले. "हे बघा, काय असेल ते स्पष्ट सांगा."

गाठीने आवाज खाली आणला. "तिच्यासमोर नको."

"कोणासमोर?"

"पेशंटसमोर. घरातलं मोठं कोणी असेल तर बाहेर घ्या. त्यांना सांगते."

डॉक्टरांनी मान हलवली. "बरोबर आहे त्यांचं," ते माझ्या नवऱ्याला, मुकुंदाला, म्हणाले. "अशा गोष्टी पेशंटसमोर बोलत नाहीत."

माझं डोकंच फिरलं. "अहो, ती माझ्या मानेत आहे! ती बाहेर जाणार म्हणजे मीही बाहेर जाणार."

"तीच तर अडचण आहे," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी प्रयत्न केले, नाही असं नाही. माझ्या कानात कापूस घातला, तर गाठ म्हणाली, तिला आतून ऐकू जातं. मला झोपेचं इंजेक्शन दिलं, तर गाठही झोपली. मुकुंदा बिचारा कान माझ्या मानेला लावून बसून राहिला आणि त्याला नुसतं घोरणं ऐकू आलं.

"मग काढावीच लागेल," डॉक्टर म्हणाले. "पूर्ण काढू, बाहेर नेऊ, तिथे त्या नातेवाइकांशी मोकळेपणाने बोलतील. फक्त तिथून खांद्याची नस जाते. तिला धक्का लागला तर उजवा हात नीट वर जाणार नाही."

"आणि नाही काढली तर?"

"तर नातेवाइकांना कळणार नाही."

"नातेवाइकांना!" मी ओरडले. "मान माझी, हात माझा, मरायचं झालं तर मरणार मी!"

डॉक्टर मुकुंदाकडे वळले. "यांना टेन्शन देऊ नका."

परत येताना मुकुंदाला त्याच्या दुकानावर सोडलं आणि गाडीत आम्ही दोघीच उरलो. सांगली रस्त्याला एका बाजूला गाडी घेतली आणि मी गाठीला सरळ विचारलं, "चांगलं असतं तर माझ्यासमोर सांगितलं असतंस ना?"

"असं काही नसतं गं. चांगलंही आम्ही मोठ्यांनाच सांगतो. पेशंटला उगाच आशा लावायची नाही."

"माझी मैथिली बारावीला आहे."

"माहीत आहे."

"मला फार भीती वाटते गं. काहीही असू दे, पण सांग."

"माझ्या तोंडून नको," गाठ म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले. ती रडली की मान ठणकते, म्हणून मग मलाच तिला गप्प करावं लागलं.

घरी कोल्हापूरहून थोरले दीर, अप्पा, आले होते. ते आणि मुकुंदा स्वयंपाकघरात कुजबुजत आणि मी गेले की पाण्याची मोटर, गॅस सिलिंडर असे विषय काढत. दोघांनाही काडीची माहिती नव्हती, तरी ते माझ्यापासून लपवत होते. मी विचारलं, काढू की नको? अप्पा म्हणाले, "तुझं तू ठरव. पण तू कसला विचार करू नकोस."

मी ठरवलं. हात गेला तर स्कूल बंद पडेल, हे मला ठाऊक होतं. पण दिवसभर मानेत माहिती घेऊन हिंडायचं आणि ती आपल्यालाच मिळू नये, हे मला आणखी सोसवेना. मी मुकुंदाला म्हटलं, "ती बाहेर जे सांगेल ते आत येऊन मला जसंच्या तसं सांगायचं."

"सांगीन की," तो म्हणाला. फार लगेच म्हणाला.

ऑपरेशनच्या टेबलावर गाठ एवढंच म्हणाली, "थंडी आहे नाही इथे?" पुढचं मला आठवत नाही.

शुद्धीवर आल्यावर मी आधी उजवा हात उचलून पाहिला. तो खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मान अगदी शांत होती. डॉक्टर डोकावले. "ऑपरेशन उत्तम झालं. त्या अगदी सविस्तर बोलल्या."

"काय बोलल्या?"

"यजमान आहेत ना बाहेर," म्हणाले आणि गेले.

दाराच्या काचेतून मला बाहेरचा बाक दिसत होता. बाकावर झाकलेला ट्रे होता, आणि मुकुंदा आणि अप्पा त्याच्यावर वाकून ऐकत होते. मुकुंदाने काहीतरी विचारलं, पुन्हा ऐकलं. अप्पांनी चष्मा काढला आणि ट्रेला हात जोडले. मग एक नर्स ट्रे उचलून घेऊन गेली. मुकुंदा बेसिनपाशी बराच वेळ तोंड धूत राहिला आणि मग आत आला.

"काय म्हणाली?"

"काही नाही गं. साधीच होती म्हणाली."

"मग डोळे का लाल तुझे?"

"फिनेलचा वास केवढा आहे बाहेर." त्याने मोसंबं सोलायला घेतलं आणि पूर्ण सोलून होईपर्यंत वर पाहिलं नाही.

मी पुन्हा विचारलं. दटावलं. रडून पाहिलं. तो म्हणाला, "तू आराम कर."

तेवढ्यात मैथिली क्लासहून थेट तिथे आली. दप्तर पाठीवरच होतं. तिने बापाकडे पाहिलं, मग माझ्या मानेवरच्या पट्टीकडे, आणि माझा हात घट्ट धरला.

"आई, खरं सांग. काय म्हणाली गाठ?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "साधीच होती. तू मोसंबं खा."