नानांची मिसळ आणि मागची सीट

गाडी बघायला निघण्याआधी नाना बोरस्ते मिसळ खातात. एक नव्हे, दोन प्लेट, वर तर्री मागून घेऊन. मग रसवंतीवर थांबून उसाच्या रसाचा मोठा ग्लास. एवढं झालं की पोटावरून हात फिरवत म्हणतात, "चल मंजू. आता गाडी कळंल."

मंजू म्हणजे मी. इंदिरानगरात आमचे फ्लॅट समोरासमोर आहेत. नाना मूळचे निफाडकडचे, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले. आयुष्यभर उसाचे ट्रक आणि ट्रॅक्टर तोलले, पण स्वतः सायकलच्या पुढे काही चालवलं नाही. अशा माणसानं उतारवयात जुनी एसयूव्ही घ्यायचं मनावर घेतलं आणि चालवून बघायला मला धरलं. विम्याच्या ऑफिसात आठवडाभर मान मोडल्यावर रविवारी मला लोळत पडायचं असतं. पण नाना दारात उभे राहून म्हणाले, "तू बिरेक मारती तवा गिलासातलं पाणी हालत नाय." कोणी माझ्या ड्रायव्हिंगचं कौतुक केलं की मी विरघळते. तिथंच फसले.

जुनी गाडी घेणारा माणूस आधी बॉनेट उघडतो, टायर बघतो, किलोमीटर किती झाले ते विचारतो. नाना यातलं काही करत नाहीत. ते मागचं दार उघडून आत डोकं घालतात आणि सीटचा वास घेतात. डॅशबोर्डवर सेंटची बाटली दिसली की ती दोन बोटांत धरून मालकाच्या हातात देतात. मग मागे बसून सगळ्या काचा बंद करायला लावतात आणि मला हुकूम सोडतात, "वळव." सपाट रस्त्यावर वळवणार किती? म्हणून एखादं सर्कल गाठायचं आणि त्याला गोल गोल फिरत राहायचं. गाडीचा मालक माझ्या शेजारी जीव मुठीत धरून बसलेला. एकदा वाहतूक पोलिसानं शिट्टी मारून थांबवलं आणि विचारलं, "मॅडम, रस्ता चुकलात का?" मी तोंड उघडायच्या आत मागची काच खाली आली.

"नाय साहेब, बराबर हाय. अजून दोन मारायच्यात."

फेऱ्या संपल्या की नाना उतरतात, पोटावर हात ठेवून डोळे मिटतात आणि निकाल देतात. "नापास." कारण विचारलं तर, "पोट म्हनतंय."

आमच्या सोसायटीत यावर चर्चा न झाली तरच नवल. कोणी म्हणे, नानांना गाडी घ्यायचीच नाही, मिसळीला निमित्त हवंय. कोणी म्हणे, चिक्कू आहेत, हप्त्यावर नवी घ्यायला काय झालं? नव्या गाडीचा विषय काढला की नाना नाक मुरडत. "नव्या गाडीला लय वास येतो." सिंधूकाकू, म्हणजे नानांच्या पत्नी, या सगळ्यावर एकच वाक्य बोलत. "फिरू दे त्यांना. मला कुठं जायचंय?"

माझा संयम सुटला तो सिन्नरला. तिथली गाडी अशी होती की मीच घेतली असती. एकाच हातात चाललेली, इंजिन स्वच्छ, कुठं ठोकल्याची खूण नाही, कागदपत्रं चोख. मालकही सरळ माणूस. नानांनी वास घेतला, फेऱ्या झाल्या, उतरले आणि म्हणाले, "नापास. ढवळलं जरा."

मालक भडकला. मिसळीचं मीच त्याला फेऱ्या मारताना बोलून बसले होते. "काका, दोन प्लेट मिसळ हानून आल्यावर बैलगाडीतबी ढवळंल!"

परत येताना माझ्या छोट्या गाडीत मी त्यांना फैलावर घेतलं. "नाना, खरं सांगा, तुम्हाला गाडी घ्यायचीये की माझे रविवार खायचेत?"

नानांनी खिडकीची काच खाली केली. मग म्हणाले, "तुझ्या काकूला गाडी लागती."

एवढं मला माहीत होतं. माझ्या गाडीतून काकू एकदा बाजारापर्यंत आल्या होत्या आणि परत रिक्षानं गेल्या होत्या.

"पेठला तिची थोरली बहीण हाय, अक्का. अक्काचे मालक वारले तवा आमी यष्टीनं निघालो. घाटात हिला असलं झालं की कंडक्टर म्हनला, उतरवा. रस्त्याच्या कडंला निजवली. शेवटी अर्ध्या घाटातून माघारी आनली म्या. अक्काला त्या टायमाला भेटायचं राहून गेलं. आता अक्काचे पाय गेलेत, तिला हालता येत नाय. दोघी फोनवर एकमेकींची तोंडं बघत्यात. आन ही म्हनती, मला कुठं जायचंय."

"मग काकूंना पुढं बसवायचं ना."

"पुढं बसलं की दरी दिसती. ती भीती येगळी."

"आणि मिसळ?"

नाना ओशाळले. "मला काय लागतच नाय पोरी. दगड पचतो. मग तिला काय होतंय ते मला कसं कळायचं? म्हनून आधी पोट बिघडवून घ्यायचं."

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली, कारण समोरचा रस्ता नीट दिसेना.

त्यानंतर मी रविवारची वाट बघायला लागले. गाडी मिळाली निफाडजवळच्या एका द्राक्षबागायतदाराकडे. दिसायला काही खास नाही, दारावर पोचा, रंग उडालेला. पण त्यांनी ती म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायला ठेवलेली, त्यामुळे सस्पेन्शन वेळच्या वेळी बदललेलं. आत कसलाच वास नव्हता. मी बागेच्या कच्च्या रस्त्यावरून चांगली वळवून वळवून आणली. मागून निकाल येईना म्हणून आरशात बघितलं, तर मिसळ खाल्लेले नाना तोंड उघडं टाकून घोरत होते. माझ्या मेकॅनिकनं इंजिन आणि गिअर तपासून होकार दिला, पण गाडी खरी पास झाली ती त्या घोरण्यावर.

पेठला निघालो त्या दिवशी नानांनी मिसळ सोडाच, चहासुद्धा घेतला नाही. खिशात लिंबू, आलेपाक, मांडीवर ओला नॅपकिन आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. काकू नाकाला पदर लावून, डोळे मिटून मागे खिडकीशी बसल्या. शेजारी नाना, तिरके वळून, दोन्ही हातांत पिशवी उघडी धरून. घाट सुरू झाला. मी इतकी सावकाश चालवत होते की ट्रकवाले हॉर्न मारून पुढे जात होते. प्रत्येक वळणाला आरशात बघावं तर नाना तसेच. एकदाही त्यांनी रस्त्याकडे बघितलं नाही. नजर काकूंच्या चेहऱ्यावर. हळूहळू काकूंचा पदर खाली आला आणि मान कलली. त्यांना झोप लागली होती.

घाट संपत आला तशी मागे पिशवी वाजली. इतकं करून शेवटी व्हायचं तेच झालं! गाडी थांबवून मागे वळले, तर काकू नुकत्या जाग्या होत होत्या आणि पिशवीत तोंड नानांचं होतं.

"अहो, तुम्हाला लागली?" काकू म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याच्या खिशातून लिंबू काढलं, त्याच्या नाकाला लावलं, ओल्या नॅपकिननं त्याचं तोंड पुसलं. मग त्यांना जे हसू फुटलं ते पेठ येईपर्यंत थांबलं नाही.

अक्का दारातच खुर्चीवर बसून होत्या. काकू उतरल्या, चालत गेल्या आणि पायरीवर बसून त्यांनी अक्कांच्या मांडीवर डोकं ठेवलं. अक्का नुसत्या त्यांच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

नाना गाडीच्या फूटबोर्डवर बसले होते. चेहरा अजून पांढरा. मी विचारलं, "काय नाना, निकाल काय?"

"गाडी पास हाय," नाना म्हणाले. "मीच नापास."

मग त्यांनी लिंबू पुन्हा नाकाला लावलं आणि दाराकडं बघत बसले.