आईचा डबा, बाबांची टेप

"बाबा, तुम्ही बॅगा भरा. टेप मी पोचवते! अपने पे छोड दो!" ईशानं जाहीर केलं.

नर्स असलेल्या आईची बदली नागपूरला झाली तेव्हापासून घरात चहासुद्धा गुपचूप उकळायचा. आज संध्याकाळच्या बसनं बापलेक दसऱ्यासाठी तिच्याकडे निघणार होते. फक्त बाबांच्या ऑफिसच्या सगळ्या डेटाची बॅकअप टेप तेवढी तुकोगंजच्या तिजोरीत ठेवायची होती. विजय नगरच्या ऑफिसला आगबिग लागली तर दुसरीकडे प्रत हवी ना!

पण टेबलावर टेपच नाही!

ईशानं सोफा उलटा केला, फ्रिजमधला बर्फसुद्धा खरवडला. बाबांचा चेहरा शिळ्या पोह्यांसारखा झाला.

"टेप मिळाली नाही तर जाणं कॅन्सल!"

"ऐसे कैसे कॅन्सल?" ईशाचा आवाज फुटला.

तेवढ्यात देवघरात आजोबांची, म्हणजे आबांची, घंटा वाजली. होळकरांच्या फौजेतल्या पणजोबांची तलवार आबा दर खंडेनवमीला पुजायचे. आज तिच्याशेजारी, झेंडूंखाली, कुंकू लावलेली टेप!

"आबा! हे काय?"

"तुझ्या बापाचं शस्त्र. उद्यापर्यंत हलवायचं नाही."

"आबा, बस सुटेल!"

"सुटू दे. पूजा म्हणजे पूजा."

ईशानं थेट आईला व्हिडिओ कॉल लावला. आई हसणार, इतक्यात तलवारीपलीकडे तिला स्वतःचा जुना स्टेथोस्कोप दिसला. त्यालाही कुंकू होतं.

"सूनबाई, घरातल्या सगळ्यांची हत्यारं ठेवतो मी," आबा पुटपुटले. "माणूस लांब असलं तरी."

आईनं स्क्रीनवरूनच देवघराला हात जोडले. मग म्हणाली, "आबा, सोडा ना ती टेप. मला ही दोघं उद्या इथे हवीत."

आबांनी टेपवर अक्षता टाकल्या आणि ती ईशाच्या हातात दिली.

ईशानं टेप एका स्टीलच्या डब्यात घातली, दुसऱ्या तसल्याच डब्यात आईची लाडकी लौंग सेव भरली, आणि सुटली! तुकोगंजला डबा जमा, बस मिळाली, जग जिंकलं!

सकाळी नागपूरला आईनं डबा उघडला. आत झेंडूची पाकळी, कुंकू आणि टेप!

"म्हणजे तिजोरीत..." बाबांनी टेप उचलून उलटसुलट पाहिली.

"सेव," ईशा म्हणाली. "पण आगीची भीती नाही तिला!"

आई पोट धरून हसली. मग डोळे पुसत तिनं हॉस्पिटलच्या मेट्रनला फोन लावला. "मॅडम, रजा हवीय. घरातलं एक माणूस, म्हणजे मीच, चुकून भलतीकडेच पडलंय. परत जागेवर ठेवून येते."

परतीच्या बसमध्ये टेप आईच्या मांडीवर होती. ईशाच्या हातात कोणी पाण्याची बाटलीसुद्धा देईना. तिनंही मागितली नाही. तिचे दोन्ही हात आईच्या दंडाला घट्ट धरण्यात अडकले होते.