दामले सरांची फुंकर

दामले सर चहा पीत नाहीत, फुंकतात. चहावर साय धरली की मधोमध हळूच फुंकर घालायची आणि कडेला सरकलेली साय डोळे बारीक करून बघत बसायचं. तोवर चहाचं सरबत. आमची ही म्हणते, सरांना नुसतं दूध ठेवलं तरी कळणार नाही. मी मात्र सायीचाच देतो. जन्मभर डेअरी चालवलीय, सायीतलं मला कळतं.

सर बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत समोरच्या दारात राहतात. दुर्बिणीतून दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची गावंच्या गावं, बघण्यात त्यांची नोकरी सरली. बायको तरुणपणीच वारली. मुलगी मुक्ता तेव्हा लहान. रात्री सर दुर्बिणीपाशी, पोरीजवळ कोण? म्हणून तिला कर्वेनगरला आपल्या बहिणीकडे धाडलं. ती तिथलीच झाली.

सरांचं कीर्तन एकच. मोठा तारा मरताना फुटतो, भोवतीचा वायू बाहेर ढकलतो. मधे पोकळी, भोवती वायूचं कवच, फुगतच जाणारं. "मधे काय बघताय गव्हाणे? कडेला बघा, कडेला." कडेला वायू दाटतो आणि त्यातून नवे तारे जन्मतात. वॉचमन, इस्त्रीवाला, कुणी यातून सुटलं नाही.

मी चौथी शिकलोय, पण उगाच मान डोलवत नाही. एकदा म्हणालो, "वायू तिथं होताच ना सर? मग ढकलला नसता तर तारे जन्मलेच नसते कशावरून?"

मला वाटलं हसतील. सरांनी कप खाली ठेवला. "त्यावरच आमच्या शास्त्रज्ञांची भांडणं चाललीत," म्हणाले, आणि पुढे बरेच दिवस चहाला आले नाहीत.

परवा सकाळी आले ते शर्टाची बटणं वरखाली लावून. मुक्ताला बाळंतपणाला दवाखान्यात नेलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि तिनं माहेर धरलं ते आत्याचं. आत्यानं सरांना नुसतं कळवलं, या म्हणाली नाही. मी चहा ठेवला. जाड साय धरली. सरांनी फुंकर घातली नाही.

जाऊ की नको, हेच चाललं होतं. मी स्कूटर काढली. म्हटलं, "बापाला पत्रिका छापून लागते का?"

सिग्नलला मागून कानाशी सरांचा आवाज आला. "गव्हाणे, पोर खंबीर झाली. मी लांब ढकललं म्हणून, की माझ्याजवळही झालीच असती?"

हिरवा लागला. मी गाडी दामटली.

पोचलो तर मुलगी झालेली. आत्या, सासू, जावई खाटेभोवती. सर दाराशी भिंतीला चिकटले. ढकललं तरी हलेनात. आतून मुक्ताचा आवाज आला, "बाबा नाही आले?"

"कडेला बघ," मी म्हणालो.

तिनं बघितलं. मग म्हणाली, "तिथं काय उभे? घ्या हिला. बारसं झालं की आम्ही बिबवेवाडीला येतोय. रात्री जागायची सवय आहे ना तुम्हाला?"

सरांनी बाळ घेतलं. मग वाकून त्यांनी तिच्या जावळावर मधोमध अगदी हळू फुंकर घातली.