दोन कुलपं आणि झाडलेली पंचायत

उकंडराव स्वतःची ओळख करून देऊ लागले की ऐकणाऱ्याने आधी बसून घेतलेलं बरं. "वसमतपासून हिंगोलीपर्यंत डोकं चालवणारा माणूस एकच," असं म्हणून ते थांबत. तो एक कोण, हे समोरच्याने ओळखायचं. गावातली हरवलेली म्हैस त्यांनी शोधून काढली होती. म्हणजे म्हैस आपल्या पायांनी घरी आली होती, पण ती येईल असं उकंडरावांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. हिंगोलीच्या दसऱ्याच्या जत्रेत घेतलेलं भिंग तेव्हापासून त्यांच्या खिशात असे.

खरी केस त्यांना मिळाली ती आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी. हातपंप वरच्या गल्लीत घ्यायचा की खालच्या, यावरून सरपंच अमृतराव आणि विरोधी गटाचे मुंजाजी यांचं बिनसलं. लोकशाहीच्या रक्षणासाठी अमृतरावांनी पंचायतीला कुलूप ठोकलं. त्याच लोकशाहीच्या रक्षणासाठी मुंजाजींनी शेजारी दुसरं ठोकलं. दोन सभा बुडाल्या. आजची तिसरी बुडाली तर पंचायत बरखास्त आणि तालुक्याहून प्रशासक, असं तिथल्या साहेबांनी बजावलं होतं.

तरी दोघंही चावी काढेनात. कारण खिडकीतून आतली फरशी झाडलेली दिसत होती, माठ भरलेला होता आणि सतरंजी अंथरलेली होती. कुलपं मात्र जशीच्या तशी.

"मुंजाजीनं माझ्या कुलपाची चावी करून घेतली," अमृतराव म्हणाले.

"सरपंच आत चोरून ठराव करून राहिले," मुंजाजी म्हणाले. "चोर सापडल्याबिगर माझं कुलूप निघायचं न्हाई."

उकंडरावांनी दोन्ही कुलपांना भिंग लावलं. "गंज बराबर हाय. म्हंजे चोर कोणत्याच गटाचा न्हाई," असं सांगून त्यांनी निजामाच्या काळातलं भुयार शोधायला पायरी ठोकली. पायरीखालून एक उंदीर तेवढा निघाला. मग त्यांची नजर पत्र्याकडे गेली.

"वानर वरून उतरत असंल."

"वानर माठ भरतं व्हय?" मुंजाजींनी विचारलं.

"शिकवलेलं असंल तर भरंल. वानर कोणत्या गटाचं, येवढंच शोधायचं राहिलं."

उन्हं कलली तशी उकंडरावांना मनातून भीती वाटू लागली. भांडणं आपली, आणि ती ऐकायला खुर्चीत कोणी परका बसणार, हे त्यांना खरोखरच सोसवेना.

तेवढ्यात खिडकीच्या गजांमागे सोजराबाई येऊन उभ्या राहिल्या. पंचायतीतल्या त्या एकट्या बाई सदस्य.

"सभा भरवायची का न्हाई? मी कवाची बसून राहिले."

"तुमी आत कशा आल्या?" उकंडरावांनी भिंग त्यांच्यावर धरलं.

"मागल्या दारानं."

"ते बायांकडचं हाय," अमृतराव पुटपुटले. "त्याला दार म्हणून कोण धरतंय?"

दार उकंडरावांनाही ठाऊक होतं. पण मागे बाया धुणं धूत, तिकडे पुरुषाने फिरकायचं नाही अशी गावाची रीत.

"निवडून आले तवा तुमीच म्हणलात, पुढं पारावर मोठी माणसं बसत्यात, बाईमाणसानं तिकडून येऊ न्हाई," सोजराबाई म्हणाल्या. "सभा बंद हाय म्हणून मला कोणी सांगितलं न्हाई. मागल्या दोन बारीलाबी आले, झाडून घेतलं, माठ भरला, सतरंजी टाकली, वाट पाहिली अन् गेले. आता चोर सापडला ना? काढा कुलपं."

दोन्ही चाव्या निघाल्या. दिवेलागणीपर्यंत कडाक्याचं भांडण झालं, पण सतरंजीवर बसून झालं. मग हातपंपाच्या ठरावावर हात वर झाले. मुंजाजी हरले, त्यांनी निषेध नोंदवला आणि अमृतरावांच्या शेजारी बसून चहा प्यायला. उकंडराव पारावर जाऊन बसले आणि म्हणाले, "माझा संशय पयल्यापासून त्याच दारावर व्हता."

सोजराबाई उठल्या, पदर सारखा केला आणि पुढच्या दारानं बाहेर पडल्या. पारावरच्या मंडळींना पाय आखडून वाट द्यावी लागली. सगळ्यांत आधी उकंडरावांनी दिली.