सिहोऱ्याच्या हॉलातल्या पऱ्या

डोमाजी गाणं ऐकायला गेला की गवयाकडे पाठ करून बसायचा. लोक हसायचे. तो म्हणायचा, "गाणं कानानं आयकतेत ना? मंग गवयाचं तोंड कायले पाहू?"

तो पाहायचा भिंती. आमच्या सिहोऱ्यात जुन्या मालगुजारानं, म्हणजे गावच्या जमीनदारानं, खास गाण्यासाठी हॉल बांधला होता. भिंतींवर वरच्या अंगाला वीणा, सनई, मृदंग वाजवणाऱ्या पऱ्या. त्या डोमाजीच्या बापानं रंगवलेल्या. बाप मेला आणि पऱ्या याच्या गळ्यात पडल्या. लग्न केलं नाही. मुली पाहून यायचा आणि सांगायचा, "नाक मृदंगवालीवानी नाही."

मी शेजारीण. तोंडावर म्हणाले, "तुवं नाक पाह्यलं का आरशात?"

दिव्यांच्या काजळीनं पऱ्या काळवंडायच्या. ओल्या फडक्यानं रंग निघतो, म्हणून हा कणकेचा गोळा फिरवून काजळी टिपायचा. आमचा मुलूख धानाचा, रोज भात, घरात पोळी सणालाच. तरी दर आठवड्याला हा दारात.

"वहिनी, मूठभर कणीक दे."

"काहून? पोळ्या करून राहिला का?"

"त्यायची तोंडं पुसाची आहेत."

मी शिव्या देत द्यायची. पण द्यायची.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी कळलं. कणकेचे बारीक कण भिंतीला चिकटून राहत होते. त्यावर झुरळं आली, आणि कणकेबरोबर रंगही खाऊन गेली. सनईवालीचा गाल गेला, वीणावालीचे ओठ गेले. कणीक माझी, हात त्याचा. दोघांनी मिळून झुरळं पोसली होती.

हॉलच्या कमिटीनं ठरवलं, सगळीकडे चुना मारायचा. डोमाजी अध्यक्षांच्या पाया पडला. "मले एक साल द्या. मी पुन्हा काढतो."

"तुले बापाचा हात आहे का रे?"

नव्हता. ते त्यालाही माहीत होतं. तो पायांवरून उठला. मग म्हणाला, "तर चुना मीच मारतो. परक्याचा कुंचला नको."

दुपारी मी त्याचं जेवण घेऊन गेले. तो शिडीवर, माझ्याकडे पाठ. अर्धी भिंत पांढरी झाली होती. प्रत्येक परीच्या तोंडापाशी आला की कुंचला आवरायचा आणि हळूच म्हणायचा,

"डोये मिट, माय. चुना झोंबते."

तिनं मिटेपर्यंत थांबायचा. मग कुंचला फिरवायचा.